विषय बदललेला विद्यार्थी : डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये
खास प्रतिनिधी, मालाड

जून महिना उजाडला की मालाड स्थानकाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांपुढे रांगा लागतात. हातात गुणपत्रिका, डोक्यावर छत्री आणि चेहऱ्यावर चिंता, असे विद्यार्थी आणि त्यांच्यापेक्षाही अधिक चिंतेत असलेले पालक दरवर्षी दिसतात. मिळालेले महाविद्यालय ठेवायचे की नामांकित विद्यापीठासाठी पुन्हा प्रयत्न करायचा? आणि तेथे प्रवेश मिळाल्यावर घेतलेला विषय मनाला पटला नाही तर तो बदलायचा का? हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला ठरलेला असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि त्यापाठोपाठ आलेल्या श्रेयांक पेढीने विद्यापीठ व विषय बदलण्याची वाट कागदोपत्री सोपी केली आहे. मनातली भीती मात्र जुनीच आहे.

मालाडहून लोकलने सांताक्रूझला उतरून कालिन्याच्या विद्यापीठ संकुलात गेले की तेथे समाजशास्त्र विभाग लागतो. १९१९ साली सुरू झालेला हा देशातील सर्वांत जुन्या समाजशास्त्र विभागांपैकी एक. पस्तीस वर्षे हा विभाग ज्यांनी चालवला, त्या डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांचे आयुष्य म्हणजे वरील प्रश्नांचे एक प्रदीर्घ उत्तर आहे. त्यांनी महाविद्यालय बदलले, देश बदलला, परदेशात गेल्यावर विद्यापीठ बदलले आणि सुवर्णपदक मिळवून दिलेला विषयही बदलला. भारतीय समाजशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्या घुर्ये यांच्या हाती समाजशास्त्राची पदवीच नव्हती, हे अनेकांना ठाऊक नसते.

मालवण ते एल्फिन्स्टन

घुर्ये यांचा जन्म १२ डिसेंबर १८९३ रोजी मालवण येथे एका सारस्वत कुटुंबात झाला. मालवण त्या काळी बंदराचे गाव. कोकणातील अनेक घरांप्रमाणे या घरातील मुलालाही शिक्षणासाठी गाव सोडावे लागले. प्रारंभीच्या शिक्षणानंतर काही काळ ते गिरगावातील आर्यन एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत होते. पुढे त्यांची रवानगी थेट काठेवाडात, जुनागढ संस्थानात झाली. तेथील बहादूरखानजी हायस्कूलमधून ते मॅट्रिक झाले आणि १९१२ मध्ये त्याच गावातील बहाउद्दीन महाविद्यालयात दाखल झाले.

जुनागढचे महाविद्यालय तेव्हा मुंबई विद्यापीठालाच संलग्न होते. परीक्षा तीच, पदवीही तीच. त्यामुळे तेथेच राहून पदवी घेणे सोयीचे ठरले असते. घुर्ये यांनी मात्र एका वर्षातच मुंबईचा रस्ता धरला आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्रवेश घेतला. दादाभाई नवरोजी, न्यायमूर्ती रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची परंपरा सांगणाऱ्या या महाविद्यालयात संस्कृतचा अभ्यास गांभीर्याने होत असे. येथे घुर्ये यांची बुद्धी खऱ्या अर्थाने फुलली. संस्कृत घेऊन ते बी.ए. झाले, तेव्हा भाऊ दाजी पारितोषिक त्यांच्याकडे आले. एम.ए.च्या परीक्षेत त्यांनी कुलपतींचे सुवर्णपदक पटकावले. हे १९१८ साल होते.

त्या काळी संस्कृतातील सुवर्णपदक म्हणजे आयुष्याची बेगमी समजली जाई. महाविद्यालयात अध्यापकाची जागा, पाठोपाठ ग्रंथसंपादन, विद्वत्सभांतून मान असा पायंडा पडलेला होता. भांडारकरांनी घालून दिलेल्या त्या वाटेवर घुर्ये सुखाने चालू शकले असते. नेमक्या याच वेळी मुंबईत एक विक्षिप्त स्कॉटिश प्राध्यापक येऊन दाखल झाले आणि वाट वळली.

गेडिस यांचा वर्ग

पॅट्रिक गेडिस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ. तरुणपणी मेक्सिकोत संशोधन करीत असताना डोळ्यांच्या आजाराने त्यांना काही काळ अंधत्व आले. सूक्ष्मदर्शकाचे काम पुढे झेपेनासे झाले, तेव्हा त्यांनी आपली दृष्टी वनस्पतींवरून माणसांच्या वस्त्यांकडे वळवली. नगररचनाकार म्हणून कीर्ती मिळवल्यावर १९१४ मध्ये ते भारतात आले आणि अनेक शहरांची पाहणी करून त्यांनी अहवाल लिहिले. रुंद रस्त्यांसाठी जुन्या वस्त्या सरसकट पाडण्यास त्यांचा विरोध असे. मुंबई विद्यापीठाने १९१९ मध्ये समाजशास्त्र व नागरिकशास्त्र हा विभाग स्थापन केला, तेव्हा त्याची सूत्रे गेडिस यांच्याकडे सोपवण्यात आली.

हा विषय तेव्हा भारतातच काय, इंग्लंडमध्येही नवखा होता. त्याला ठरलेला अभ्यासक्रम नव्हता, पाठ्यपुस्तके नव्हती आणि मुख्य म्हणजे नोकऱ्या नव्हत्या. तरीही संस्कृतचे सुवर्णपदक मिळवलेला हा तरुण गेडिस यांच्या व्याख्यानांना जाऊन बसू लागला. शहर हे वाचता येणारे पुस्तक आहे, ही गेडिस यांची दृष्टी त्याला भावली असावी. मुंबई या नागरी केंद्रावर त्याने लिहिलेला निबंध गेडिस यांच्या पसंतीस उतरला. समाजशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी परदेशी पाठवायच्या उमेदवाराचा प्रश्न आला, तेव्हा शिफारस घुर्ये यांचीच झाली. शिष्यवृत्ती घेऊन १९२० मध्ये ते इंग्लंडला निघाले.

लंडन सोडले, केंब्रिज धरले

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये एल. टी. हॉबहाउस हे समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. ब्रिटनमधील या विषयाचे पहिले प्राध्यापकपद १९०७ मध्ये त्यांच्याकडेच आले होते. शिष्यवृत्ती समाजशास्त्राची, संस्था नामवंत आणि मार्गदर्शक त्या विषयातील सर्वोच्च अधिकारी. कागदावर सारे जुळलेले होते. तरीही घुर्ये तेथे रमले नाहीत. अल्पावधीतच त्यांनी लंडन सोडले, केंब्रिज विद्यापीठात प्रवेश मिळवला आणि डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्या हाताखाली मानवशास्त्राचा अभ्यास आरंभला. समाजशास्त्रासाठी पाठवलेल्या विद्यार्थ्याने विद्यापीठ आणि विषय असे दोन्ही एकदमच बदलले होते.

या बदलामागील तर्क त्यांच्या पुढच्या लेखनातून उमगतो. हॉबहाउस यांचे समाजशास्त्र तत्त्वज्ञानाच्या अंगाने जाणारे होते. मानवी नीतिकल्पनांची उत्क्रांती कशी झाली, समाजाची प्रगती कोणत्या दिशेने होते, असे त्याचे व्यापक प्रश्न होते. घुर्ये यांच्या मनात घोळत होते ते गोत्र, कूळ, जात, विवाहाचे नियम आणि अंत्यविधी. रिव्हर्स यांनी निलगिरीतील तोडा जमातीत राहून केलेला अभ्यास १९०६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला होता. नातेसंबंधांची वंशावळ मांडून समाजाची रचना उलगडण्याची पद्धत त्यांनीच रूढ केली होती. भारतीय समाज समजून घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हवी ती हत्यारे केंब्रिजमध्ये होती.

विशेष म्हणजे या विद्यार्थ्याला भेटलेले सारे गुरू स्वतःच विषय बदललेले होते. गेडिस जीवशास्त्रातून आलेले. हॉबहाउस ऑक्सफर्डमध्ये तत्त्वज्ञान शिकवून पुढे मँचेस्टर गार्डियन या वृत्तपत्रात पत्रकारिता केलेले. रिव्हर्स हे वैद्यकाचे पदवीधर. तेथून ते मानसशास्त्राकडे आणि मानसशास्त्रातून मानवशास्त्राकडे वळले. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याने मन खचलेल्या सैनिकांवर त्यांनी केलेले उपचार आजही वैद्यकाच्या इतिहासात नोंदले जातात. केंब्रिजमधील दुसरे ज्येष्ठ अभ्यासक ए. सी. हॅडन प्राणिशास्त्रज्ञ होते. सागरी जीवांच्या अभ्यासासाठी ते १८८८ मध्ये टोरेस सामुद्रधुनीत गेले आणि तेथील माणसांत गुंतले. दहा वर्षांनी त्याच भागात त्यांनी नेलेल्या मोहिमेत रिव्हर्स सहभागी होते. एका विषयाच्या कुंपणात आयुष्य काढणारा एकही गुरू घुर्ये यांच्या वाट्याला आला नाही.

ही वाट निष्कंटक मात्र नव्हती. जून १९२२ मध्ये रिव्हर्स अचानक आजारी पडले आणि निवर्तले. ज्यांच्यासाठी लंडन सोडले, तेच गुरू उरले नाहीत. शिष्यवृत्तीची मुदत संपत आलेली, प्रबंध हातात आणि देश हजारो मैल दूर. अशा वेळी हॅडन यांनी त्यांना आधार दिला. त्यांच्या मार्गदर्शनाखाली घुर्ये यांनी जातिसंस्थेवरील प्रबंध पूर्ण केला आणि केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. केंब्रिजने ही पदवी महायुद्धानंतरच सुरू केली होती. १९२३ मध्ये ते मायदेशी परतले.

विभागाची पस्तीस वर्षे

गेडिस १९२४ मध्ये भारतातून निघून गेले आणि प्रपाठक व विभागप्रमुख म्हणून घुर्ये यांची नियुक्ती झाली. १९३४ मध्ये ते प्राध्यापक झाले. १९५९ मध्ये निवृत्त होईपर्यंत हा विभाग आणि घुर्ये हे जणू समानार्थी शब्द होते. ऐंशीच्या आसपास प्रबंध त्यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध झाले. १९५१ मध्ये इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटीची स्थापना त्यांच्या पुढाकाराने झाली आणि पुढच्याच वर्षी तिचे नियतकालिकही निघू लागले.

त्यांचा सर्वांत गाजलेला ग्रंथ ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ १९३२ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ली यांनी नाकाची मापे घेऊन जातींची उतरंड वंशावर आधारलेली असल्याचा सिद्धान्त मांडला होता. घुर्ये यांनी तीच मापे पुन्हा तपासली. जात आणि वंश यांचा असा संबंध फार तर उत्तर हिंदुस्थानात, गंगेच्या खोऱ्यात दिसतो. महाराष्ट्र, गुजरात, बंगाल किंवा तमिळ प्रदेशाला तो लागू पडत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. समाजाचे खंडशः विभाजन, उतरंड, खाणेपिणे व संपर्कावरील बंधने, नागरी व धार्मिक हक्कांतील विषमता, व्यवसायनिवडीवरील मर्यादा आणि विवाहावरील निर्बंध ही त्यांनी सांगितलेली जातिसंस्थेची सहा लक्षणे आजही पदवीच्या परीक्षेत विचारली जातात.

येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. घुर्ये इंग्लंडमध्ये होते, त्याच सुमारास, १९२० ते १९२३ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आपले अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करीत होते. कोलंबिया विद्यापीठात १९१६ मध्ये त्यांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला होता. एकाच प्रांतातून गेलेले हे दोन विद्यार्थी एकाच प्रश्नाला भिडत होते. एक संस्कृत ग्रंथांच्या दालनातून त्याकडे आला होता, तर दुसरा त्या व्यवस्थेचे चटके सोसून. पुढे १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिताना बाबासाहेबांनी घुर्ये यांनी संकलित केलेल्या मापांचा आधार घेतला आणि ब्राह्मण व अस्पृश्य हे भिन्न वंशांचे नाहीत, असा निष्कर्ष मांडला. राजकीय भूमिकेत मात्र दोघांत मोठे अंतर होते. जातीच्या आधारे प्रतिनिधित्व वा राखीव जागा दिल्यास जातिनिष्ठा अधिक बळकट होईल, असे घुर्ये यांचे मत होते. ज्यांना व्यवस्थेने दारातच अडवले होते, त्यांना ते मत पटण्यासारखे नव्हते.

वादाच्या भोवऱ्यात

दुसरा वाद आदिवासींविषयीचा. व्हेरियर एल्विन यांनी १९३९ मध्ये बैगा जमातीवरील ग्रंथात त्यांच्यासाठी संरक्षित क्षेत्र राखण्याची कल्पना मांडली होती. १९४३ मध्ये घुर्ये यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहून तिला आव्हान दिले. आदिवासी हे हिंदू समाजापासून तुटलेले नाहीत, ते त्याच समाजाचे मागे राहिलेले घटक आहेत आणि त्यांना वेगळे ठेवण्यापेक्षा सामावून घेणे हिताचे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या भूमिकेवर नंतरच्या अभ्यासकांनी कठोर टीका केली आणि ती दुर्लक्षिता येणारी नाही. आदिवासींचे स्वतःचे धर्म, भाषा आणि जमिनीशी असलेले नाते या मांडणीत पुसट होते. सामावून घेण्याच्या प्रक्रियेत जमीन कोणाची जाते, हा प्रश्न मागे पडतो. मालाड व गोरेगावच्या पूर्वेला आरे आणि राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात वारल्यांचे पाडे आहेत. शहर अंगावर येत असताना स्वतःची ओळख टिकवू पाहणाऱ्या या वस्त्यांकडे पाहिले, म्हणजे एल्विन आणि घुर्ये यांचा वाद संपलेला नाही हे ध्यानात येते. दोघांपैकी कोणाचेही उत्तर जसेच्या तसे आज पुरे पडणारे नाही.

टीकेचा आणखी एक मुद्दा त्यांच्या मूळ विषयाशी निगडित आहे. घुर्ये यांनी विषय बदलला, पण संस्कृत सोडले नाही. जात असो, गोत्र असो, साधू असो वा वेशभूषा, त्यांच्या विवेचनाची सुरुवात बहुधा प्राचीन ग्रंथांपासून होते. त्यामुळे त्यांच्या लेखनाला खोली आली. वर्तमानातील घटनेमागे दोन-अडीच हजार वर्षांचा पट उभा करण्याची ताकद त्यांच्याइतकी क्वचितच कोणात होती. त्याचबरोबर जे ग्रंथांत लिहिले गेले नाही, किंवा ज्यांना लिहिण्याची मुभाच नव्हती, त्यांचा आवाज या लेखनात क्षीण राहिला. जुन्या विषयाची शिदोरी माणूस बरोबर नेतो. ती त्याचे सामर्थ्यही ठरते आणि मर्यादाही.

शिष्यांचा परिवार

एक गोष्ट मात्र त्यांच्या विरोधकांनीही मान्य करावी अशी आहे. घुर्ये यांनी घडवलेले विद्यार्थी त्यांची प्रतिकृती झाले नाहीत. फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झालेल्या इरावती कर्वे त्यांच्याकडे समाजशास्त्र शिकल्या. तेथून त्या बर्लिनला गेल्या आणि मानवशास्त्रज्ञ होऊन परतल्या. ‘युगान्त’ या त्यांच्या ग्रंथाला १९६८ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. म्हैसूरहून आलेले एम. एन. श्रीनिवास यांनी मुंबईत पीएच.डी. केली आणि पुढे ऑक्सफर्ड गाठले. तेथे त्यांनी कूर्गमधील त्याच सामग्रीवर नव्या दृष्टीने काम केले. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ गुरूच्या ग्रंथनिष्ठ पद्धतीपासून दूर जाऊन क्षेत्रकार्याचा नवा मार्ग दाखवणारा ठरला. ए. आर. देसाई हे मार्क्सवादी. भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरील त्यांचा गाजलेला प्रबंध घुर्ये यांच्याच मार्गदर्शनाखाली पूर्ण झाला. गुरूला न पटणारा विचार मांडूनही विद्यार्थ्याला पदवी मिळत होती, ही त्या विभागाची खरी मिळकत म्हणावी लागेल.

घुर्ये स्वतः ग्रंथालयात रमणारे असले, तरी गाव आणि वस्ती हे विषय त्यांना परके नव्हते. पुण्याजवळच्या लोणीकंद गावाची पाहणी थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरने पेशवाईच्या अस्तानंतर लगेचच केली होती. सव्वाशे वर्षांनंतर ते गाव किती बदलले, याचा शोध घुर्ये यांनी घेतला आणि १९६० मध्ये तो ग्रंथरूपाने मांडला. महादेव कोळ्यांवर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. हवेली तालुक्याच्या अभ्यासातून शहर आणि गाव यांच्या सीमेवरील, धड गाव नाही आणि धड शहर नाही अशा वस्तीचे चित्र त्यांनी रेखाटले. एकेकाळी खेडे असलेल्या आणि पाहता पाहता महानगरात विरघळलेल्या मालाडकरांना हा विषय ओळखीचा वाटावा.

अखेरपर्यंत विद्यार्थी

निवृत्तीनंतर मुंबई विद्यापीठाने त्यांना सन्माननीय प्राध्यापकपद दिले. अनेकांच्या बाबतीत असे पद शोभेचे ठरते. घुर्ये यांच्या बाबतीत तो लेखनाचा बहराचा काळ ठरला. शहरे आणि संस्कृती, राजपूत वास्तुकला, सामाजिक तणाव, ईशान्य भारतातील अस्वस्थता असे एकाहून एक वेगळे विषय त्यांनी हाताळले. १९७३ मध्ये आत्मचरित्रपर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या नावावर बत्तीस ग्रंथ जमा आहेत. हे सारे महत्त्वाचे लेखन इंग्रजीत झाले. इरावतीबाई मराठी घराघरांत पोहोचल्या आणि त्यांचे गुरू मात्र पाठ्यपुस्तकापुरते उरले, त्याचे एक कारण हेच असावे.

२८ डिसेंबर १९८३ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याआधी चार वर्षे, १९७९ मध्ये, त्यांचा वैदिक भारतावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. सत्तर वर्षांपूर्वी जुनागढहून मुंबईला येऊन ज्या विषयाला त्यांनी आरंभ केला होता, त्याच विषयाकडे ते वयाच्या पंचाऐंशीनंतर पुन्हा वळले होते. त्यांनी जो विषय सोडला असे मानले जात होते, तो त्यांनी कधी सोडलाच नव्हता. लंडन आणि केंब्रिजमार्गे, माणसांच्या वस्त्यांना वळसा घालून ते त्याकडे परतले होते.

मालाड स्थानकाबाहेरच्या रांगेत उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला हे चरित्र कोणता अर्ज भरावा हे सांगणार नाही. घुर्ये यांना लाभलेली शिष्यवृत्ती आणि संधी प्रत्येकाला मिळत नाही, हेही खरे. मात्र पहिल्या विषयावर घालवलेली वर्षे वाया जातील, या भीतीने ज्याचा हात अडखळतो, त्याने एल्फिन्स्टनमधल्या त्या सुवर्णपदकाचे पुढे काय झाले, हे एकदा जाणून घ्यावे.